घरी राइट केलेली डीव्हीडी लागत नाही? आधी ती कुठे अडते ते बघा

मे महिना आला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत कुणी ना कुणी माळा आवरायला काढतं आणि संध्याकाळी माझ्या दारात एक पिशवी येते. आत मुंजीची, डोहाळजेवणाची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची, कधी गडकरी रंगायतनला झालेल्या नाचाच्या कार्यक्रमाची डीव्हीडी. "काका, ही लागतच नाही हो. बघता का जरा?"

पिशवी आणणारी मुलंमुली आता पंचविशीत आहेत. त्यांनी स्वतः कधी डिस्क राइट केलेली नाही, म्हणजे कोऱ्या डिस्कवर काही उतरवलेलं नाही, घरातला प्लेअर टीव्हीखाली वर्षानुवर्षं बंद पडून आहे आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. फार तांत्रिक माहिती लागणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं, एवढी सवय मात्र लावून घ्या.

"लागत नाही" म्हणजे नेमकं काय होतं, हे सुरुवातीलाच कागदावर लिहा. कोणत्या मशिनमध्ये लावली? पडद्यावर काय अक्षरं आली? "नो डिस्क" आलं, की चित्र सुरू होऊन अडकलं? अडकलं तर किती मिनिटांनी? पुन्हा लावल्यावर तिथेच अडकलं की दुसरीकडे? या उत्तरांवरून निम्मं निदान होतं. ती न लिहिता लोक डिस्क घासायला बसतात आणि होती तीही हातची जाते.

काय करायचं नाही

टूथपेस्ट लावू नका. ओरखडे जातात असं ऐकून बरेच जण लावतात, पण टूथपेस्ट घासूनच काम करते, आणि घासलेलं प्लास्टिक परत येत नाही. घरात एकच प्रत असेल आणि ती अडखळत का होईना चालत असेल, तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आधी तिची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवा, ती कशी ते पुढे सांगतो. कॉम्प्युटरने "ही डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करू का?" असं विचारलं तर हो म्हणू नका. डिस्क खरोखर रिकामी नसतानाही हा प्रश्न येतो. एका घरात लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचं शूटिंग या एका क्लिकमुळे गेलं. डिस्क पुन्हा लिहिता येणारी होती, तिने मुकाट्याने जुनं पुसून टाकलं.

पायरी पहिली: दुसऱ्या मशिनमध्ये लावून बघा

डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये लावा. पहिल्या प्लेअरमध्ये त्याच वेळी बाजारातून विकत घेतलेली सिनेमाची छापील डीव्हीडी लावा. छापीलही लागली नाही तर दोष प्लेअरचा. छापील लागली आणि घरची लागली नाही, तर दोष घरच्या डिस्कचा असू शकतो किंवा प्लेअरचा लेझर थकलेला असू शकतो, कारण घरी राइट केलेली डिस्क वाचणं मुळातच अवघड असतं.

छापील डिस्कमध्ये खड्डे साच्याने उमटवलेले असतात आणि मागे चकचकीत धातू असतो. घरच्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर तो जागोजागी भाजतो आणि त्या काळ्या-उजळ खुणांनाच प्लेअर खड्डे समजतो. म्हणून घरच्या डिस्कची खालची बाजू जांभळट दिसते. पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर प्रकाश आणखी कमी परततो, इतका कमी की काही जुने प्लेअर तिला दुपदरी (माहितीचे दोन थर असलेली) डिस्क समजून गोंधळतात आणि "नो डिस्क" म्हणतात. आरडब्ल्यूवर ठेवलेली आठवण प्लेअरवर लागली नाही तर डिस्क खराब झाली असं लगेच धरू नका. कॉम्प्युटरमध्ये ती बहुधा उघडते.

डिस्कवर मायनस आर (DVD-R) लिहिलंय की प्लस आर (DVD+R), तेही बघा. मायनस आर १९९७ मध्ये पायोनिअरने आणली, प्लस आर २००२ मध्ये दुसऱ्या गटातल्या कंपन्यांनी. काही वर्षं या दोन गटांची चढाओढ चालली आणि त्या काळातले काही प्लेअर यातली एकच जात वाचतात. २००५ नंतरच्या बहुतेक प्लेअरना दोन्ही चालतात.

सीडी लागते पण कोणतीच डीव्हीडी लागत नाही, असंही होतं. त्यात नवल नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० चा. प्लेअरमधला एक थकला तरी दुसरा चालू राहतो.

लॅपटॉपसाठी बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी रायटर मिळतो. ठाणे स्टेशनजवळची किंवा वाशीच्या सेक्टर १७ मधली कॉम्प्युटरची दुकानं बघा, नाहीतर लॅमिंग्टन रोड आहेच. विकत घ्यायचा नसेल तर सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, कुणाच्या तरी कपाटात निघतो. तो हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. फिरती मोटर असल्याने त्याला वीज जास्त लागते. ती कमी पडली की डिस्क फिरते, थांबते, परत फिरते, आणि आपण डिस्कला दोष देत बसतो. विंडोज ८ पासून डीव्हीडी बघायची सोय विंडोजमध्ये सर्रास येत नाही, म्हणून व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकून घ्या.

पायरी दुसरी: पुसा, पण नीट

मऊ, स्वच्छ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड घ्या. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून पुसू नका. माहिती डिस्कवर गोल गोल, जिलबीसारखी आतून बाहेर लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा थोडाच भाग खातो आणि दुरुस्तीची सोय असलेला प्लेअर तेवढं भरून काढतो. वेढ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि ती भरून निघत नाही. बोटांचे ठसे तेलकट असतील तर पाण्यात साबणाचा एक थेंब पुरतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काही लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं.

डीव्हीडी प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि माहिती मधोमध असते. सीडीत ती वरच्या नावाच्या बाजूला, अगदी पापुद्र्याखाली असते. म्हणून नावाच्या बाजूला ओरखडा पडला की सीडी गेलीच, डीव्हीडी बऱ्याचदा वाचते. डीव्हीडीचं दुखणं वेगळं: कडेला चकत्यांमधला चिकटा सुटला की आत दमट हवा शिरते. डिस्क उजेडासमोर धरा. कडेला ढगासारखे डाग किंवा सोनेरी-तपकिरी वलय दिसलं तर नक्कल उतरवायला उद्यावर टाकू नका.

पायरी तिसरी: आत काय आहे ते उघडून बघा

कॉम्प्युटरमध्ये डिस्क उघडा. "व्हिडिओ टीएस" नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी या शेपटीच्या फायली दिसल्या तर ती खरी व्हिडिओ डीव्हीडी. एमपीफोर किंवा एमकेव्ही शेपटीची एखादी फाइल दिसली तर ती डेटा डिस्क. त्या डिस्कमध्ये काही बिघडलेलं नाही, जुन्या प्लेअरला ती भाषा येत नाही इतकंच. फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या यूएसबीला लावा. माझ्याकडे आलेल्या अशा कितीतरी डिस्क इथेच सुटल्या. पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तेव्हा तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

व्हीओबी फायली आहेत पण "लग्न" नावाच्या फोल्डरच्या आत आणखी एका फोल्डरमध्ये, अशीही डिस्क भेटते. प्लेअर फक्त सगळ्यात वरच्या पातळीवर "व्हिडिओ टीएस" शोधतो. तिथे सापडलं नाही की थांबतो.

आणखी एक घोळ विंडोजमध्ये होतो. कोरी डिस्क घातली की ते विचारतं, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय निवडला तर डिस्क नव्या पद्धतीच्या फाइल-रचनेने लिहिली जाते, जुना प्लेअर ती वाचू शकत नाही. दुसरा निवडूनही नुसती एमपीफोर टाकली तर ती डेटा डिस्कच राहते. प्लेअरला चालेल अशी डिस्क हवी तर डीव्हीडी ऑथरिंगचा प्रोग्रॅम लागतो. तो चित्र एमपेग २ या डीव्हीडीच्या ठरलेल्या प्रकारात बदलून मेनूसकट ठरलेली रचना बनवतो.

पायरी चौथी: फायनलाइज केलं होतं का?

ही पायरी अनेकांना माहीतच नसते आणि आठवणी सगळ्यात जास्त इथेच अडकलेल्या असतात. सेटटॉप बॉक्सला जोडायचा डीव्हीडी रेकॉर्डर किंवा ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क घेणारा हँडीकॅम, या दोन्हींत रेकॉर्डिंग संपल्यावर "फायनलाइज" करावं लागतं. म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला अनुक्रमणिका लिहून ती बंद करायची. ते राहिलं तर डिस्क त्याच यंत्रावर चालते, बाकी सगळीकडे रिकामी दिसते. फॉरमॅटचा फसवा प्रश्न येतो तो इथेच.

जुना कॅमेरा अजून असेल तर चार्जर शोधा, डिस्क त्यात घाला आणि मेनूतून फायनलाइज करा. बॅटरीवर करू नका, मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते. कॅमेरा नसेल तर आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम फायनलाइज न झालेल्या डिस्कवरूनही फायली ओळखतो. छोट्या डिस्कमध्ये १.४ जीबी, म्हणजे नेहमीच्या दर्जाचं सुमारे अर्ध्या तासाचं शूटिंग असतं. ती ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच लावा. फटीतून डिस्क गिळणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती आत अडकून बसते.

पायरी पाचवी: कुठे अडते?

आता तो सुरुवातीचा कागद काढा.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे कार्यक्रमाची सुरुवात भोकाजवळ आणि शेवट बाहेरच्या कडेला. एकदम शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत अडत असेल तर कड तपासा. बोटं तिथेच लागतात, चिकटा तिथेच सुटतो आणि काठोकाठ भरलेली डिस्क भरधाव राइट केली तर सगळ्यात कच्चं लिखाणही तिथेच होतं. पाकिटावर ४.७ जीबी छापलेलं असतं, कॉम्प्युटर तेच ४.३७ दाखवतो, कारण दोघांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. मी ४.२ च्या वर जात नाही.

दर वेळी त्याच सेकंदाला अडत असेल तर दोष डिस्कचा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी, आणि मशीन तासभर चालल्यावर, तर दोष प्लेअरचा: लेन्सवर धूळ किंवा आत उष्णता. घोडबंदर रोडच्या बाजूला किंवा जिथे जिथे बांधकामं चालू आहेत तिथल्या घरांत लेन्सवर धुळीचा थर बसलेला मी नेहमी बघतो. लहान ब्रश लावलेली लेन्स साफ करायची डिस्क मिळते, ती आधी वापरा. प्लेअर उघडायचाच असेल तर प्लग काढून, आणि चालू लेझरकडे कधीच बघू नका. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेला प्लेअर लगेच लावू नका, लेन्सवर दव धरतं. तासभर नुसता ठेवा.

कॉम्प्युटरवर सुरळीत आणि प्लेअरवर धावपळीच्या दृश्यांत अडखळत असेल, तर डिस्क धडधाकट आहे, चित्राचा डेटा जास्त भरलाय. डीव्हीडीत चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट परवानगी आहे. घरच्या डिस्कला ती मर्यादा गाठू देऊ नका. ६ ते ७ ठेवलं की एका डिस्कवर दीड तासाच्या आसपास बसतं आणि प्लेअरला दम लागत नाही. दुपदरी डिस्कवर मध्येच एकदा अर्धा सेकंद चित्र थबकलं तर ते पदर बदलतानाचं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका.

वडिलांच्या पंचाहत्तरीची डिस्क माझ्याकडे होती. वर त्यांचा फोटो छापलेला गोल कागदी स्टिकर मी प्रेमाने लावला होता. पहिला अर्धा तास छान, मग खरखर आवाज आणि चित्राचे चौकोन. डिस्क मिनिटाला शेकडो फेरे घेते, कॉम्प्युटरमध्ये हजारो. स्टिकर एका बाजूला किंचित सरकलेला, वर आपल्याकडच्या चार पावसाळ्यांनी कागद फुगलेला, त्यामुळे फिरताना डिस्क थरथरत होती. स्टिकर ओढून काढला नाही, ओढताना चकती वाकते. वाचायचा वेग सगळ्यात कमी करून नक्कल उतरवली. त्यांचं भाषण मिळालं, त्यानंतरची ओवाळणी मिळाली नाही. तेव्हापासून कुणाच्याही डिस्कवर स्टिकर दिसला की मी ती आधी उतरवून घेतो, मग बाकीचं बोलतो.

चित्र आणि आवाज

चित्र कृष्णधवल दिसलं तर बहुधा पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धतींचा घोळ आहे. आपल्याकडे पाल, म्हणजे ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम). अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली डिस्क एनटीएससी, ४८० ओळी आणि जवळजवळ ३० चौकटी. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही सिस्टिम "मल्टी" किंवा "ऑटो" करा. रीजनचा, म्हणजे डिस्क कोणत्या देशांत चालेल या कुलपाचा, संशय सहसा नको. भारताचा रीजन ५ आहे, पण ते कुलूप छापील सिनेमांना असतं, घरच्या डिस्कला नसतं.

आवाज येत नसेल तर पिवळी-लाल-पांढरी केबल तपासून प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "बिटस्ट्रीम"ऐवजी "पीसीएम" करा. ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडत गेले, तर मूळ शूटिंग मोबाइलचं आहे का विचारा. मोबाइलमध्ये चौकटींचा वेग बदलता असतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये तो स्थिर २५ करून मग डीव्हीडी बनवा.

नक्कल कशी उतरवायची

डिस्क वाचली जात असेल तर मेकएमकेव्ही वापरा. व्हीओबी फायली १ जीबीच्या तुकड्यांत असतात, ते तुकडे जोडून हा प्रोग्रॅम एकेक कार्यक्रमाची सलग फाइल देतो आणि चित्राचा दर्जा जराही उतरत नाही. फाइल लहान करायची असेल तर नंतर हँडब्रेकने एमपीफोर करा. मूळ फाइल मात्र लगेच पुसू नका.

वाचताना अडत असेल तर इमेजबर्न या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची आयएसओ इमेज (सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये) घ्या आणि वेग कमी ठेवा. तेही जमलं नाही तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू प्रोग्रॅम. तो सोपं ते आधी उचलतो, अडलेल्या जागी शेवटी परत येतो आणि काय राहिलं याची नोंद फाइलमध्ये ठेवतो. ती नोंद तशीच ठेवून डिस्क शेजाऱ्यांच्या ड्राइव्हमध्ये लावा आणि काम पुढे चालू करा; एका ड्राइव्हला न वाचलेलं दुसऱ्याला वाचता येतं. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची डिस्क मी अशी तीन ड्राइव्हमधून फिरवून पूर्ण मिळवली आहे. रात्रभर वेळ लागू शकतो, लागू द्या.

लग्नाची डिस्क असेल तर समांतर एक फोन करा: शूटिंग केलेल्या व्हिडिओवाल्याला. काहींकडे मूळ टेप किंवा हार्डडिस्क अजून असते.

नवी डिस्क बनवायचीच असेल तर

आजी-आजोबांना रिमोट आणि डिस्कच सोयीची वाटते, हे मला पटतं. मायनस आर घ्या, आरडब्ल्यू नको. १६ एक्सची डिस्क ८ एक्सने राइट करा (एक्स म्हणजे लिहिण्याच्या वेगाची पट). अगदी १ एक्सनेही नको, कारण हल्लीच्या डिस्कचा रंगथर जलद लिखाणासाठीच बनवलेला असतो. राइट होत असताना लॅपटॉपवर दुसरं काम करू नका. इमेजबर्नमधली "व्हेरिफाय"ची खूण ठेवा, वेळ दुप्पट लागला तरी. मग ज्या प्लेअरवर ती बघितली जाणार त्याच प्लेअरवर लावून शेवटपर्यंत पळवून बघा. नाव मऊ टोकाच्या मार्करने लिहा, बॉलपेनने नाही, आणि स्टिकर अजिबात नाही.

ठेवताना डबीत उभी ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नको, दमट हवेत पाकीट डिस्कला चिकटतं. माळा नको, खिडकीजवळचा शोकेस नको, कारण ऊन रंगाचा थर फिकट करतं. आतल्या खोलीतलं कपाट, सिलिका जेलची पुडी, आणि तीच फाइल दुसऱ्या घरातल्या हार्डडिस्कवर. डबीवर कार्यक्रमाच्या तारखेखाली राइट केल्याची तारीखही लिहा. दर वर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत, प्रत्येक डिस्क एकदा लावून फक्त शेवटची दहा मिनिटं बघा. खराबी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते, आणि तेव्हा नक्कल उतरवायला अजून वेळ हातात असतो.